आधी कीर्द, मग खतावणी : अंतिम वर्षाच्या प्रोजेक्ट डायरीबद्दल खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणक व माहिती तंत्रज्ञान अभियांत्रिकी अभ्यासमंडळांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
तसेच अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे मार्गदर्शक प्राध्यापक यांस,

विषय : विद्यार्थ्यांच्या सांघिक सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी गेली अनेक वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता म्हणून नोकरी करते आणि अलीकडे दर उन्हाळ्यात अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेसाठी बाह्य परीक्षक, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एक्स्टर्नल’, म्हणून निरनिराळ्या महाविद्यालयांत जाते. या पत्रात मी कोणत्याही महाविद्यालयाचे नाव घेणार नाही, कारण जे सांगायचे आहे ते एखाद्या महाविद्यालयाचे नसून आपण सर्वांनी मिळून चालवलेल्या एका रूढीचे आहे.

गेल्या खेपेला माझ्यासमोर आलेल्या एका डायरीपासून सुरुवात करते. छापील, स्पायरल बाइंडिंगची, आठवड्याला एक पान. पानावर तारीख, ‘झालेले काम’, ‘पुढील आठवड्याचे काम’, चार विद्यार्थ्यांच्या सह्या आणि तळाशी गाइडची सही असे रकाने. जुलैपासून मार्चपर्यंतची सगळी पाने एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात भरलेली होती. एका पानावर ‘रिक्वायरमेंट गॅदरिंग पूर्ण’, पुढे ‘यूएमएल डायग्राम पूर्ण’, मग ‘कोडिंग ५० टक्के’, त्यानंतर ‘कोडिंग ७५ टक्के’. मधल्या एका पानावर गाइडच्या सहीखाली जी तारीख होती ती लक्ष्मीपूजनाची होती. मी तिच्यावर बोट ठेवले तेव्हा चौघे विद्यार्थी हसले, गाइड हसले आणि खरे सांगायचे तर मीही हसले, कारण ती डायरी कधी आणि कशी लिहिली गेली हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

हसू ओसरल्यावर मी एक साधा प्रश्न विचारला. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सुरुवातीच्या रूपरेषेत, मोबाइलवर ओटीपी पाठवून लॉगिन करण्याची योजना होती आणि प्रत्यक्षात मात्र साधा पासवर्ड होता. हा बदल का झाला? ग्रुप लीडरने ‘वेळ कमी पडला’ असे सांगून पुढची स्लाइड लावली. तेव्हा कडेला उभी असलेली, तोवर एक शब्दही न बोललेली मुलगी हळूच म्हणाली की एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्याची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी, लागते, ती संस्थेच्या नावाने करावी लागते, मजकुराचा साचाही आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपला ते शक्य नव्हते. यात तिचे जवळपास तीन आठवडे गेले, मग तिने ईमेलवर ओटीपी पाठवून पाहिला, तो मेल स्पॅममध्ये जात राहिला आणि शेवटी पासवर्डवर यावे लागले. माझ्या मते त्या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत अस्सल अभियांत्रिकी अनुभव हाच होता. डायरीत त्या आठवड्यांच्या पानांवर ‘लॉगिन मॉड्यूल पूर्ण’ एवढेच लिहिलेले होते आणि त्याखाली चौघांच्याही सह्या होत्या.

जुन्या पेढीवर दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी कीर्दीत लिहिला जाई आणि मग सवडीने खतावणीत खातेवार चढवला जाई. कीर्दीचे अक्षर गिचमिड असले तरी चाले, पण नोंद त्या दिवशीची असावी लागे. प्रोजेक्टच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा केला आहे. आधी रिपोर्ट तयार होतो, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे उमटवून घ्यायला बाइंडिंगवाल्याकडे जातो आणि त्या रिपोर्टातल्या प्रकरणांवरून मागचे सगळे आठवडे डायरीत रचले जातात. आधी खतावणी लिहून तिच्यावरून कीर्द बेतणाऱ्या मुनिमाला कोणत्याही पेढीने ठेवून घेतले नसते. आपण त्याबद्दल टर्मवर्कचे गुण देतो.

या बाबतीत मी स्वतः धुतल्या तांदळासारखी आहे असे मुळीच नाही. २००६-०७ मध्ये आम्ही चौघांनी वसतिगृहाच्या मेसचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर केले होते. मेसचा नियम असा होता की सलग तीन दिवसांहून अधिक गैरहजेरी असेल तरच त्या दिवसांचे पैसे वजा व्हायचे. आमच्यातल्या एकाने हा नियम मेसच्या मॅनेजरकडून तोंडी विचारून घेतला आणि कोडमध्ये एका ओळीची अट म्हणून घातली. ती का घातली हे ना कोडमध्ये लिहिले, ना आम्हाला सांगितले. फेब्रुवारीत ती अट माझ्या नजरेस पडली. दोन दिवस गावी गेलेल्या मुलाचे बिल कमी होत नाही, म्हणजे ही चूकच, असे समजून मी ती काढून टाकली आणि एक मोठा दोष दुरुस्त केल्याच्या समाधानात झोपले. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या आमच्या फोल्डरांची नावे ‘फायनल’, ‘फायनल नवे’ आणि ‘खरे फायनल’ अशी होती, त्यामुळे कोणत्या लॅपटॉपवर कोणते बिल निघेल याचा भरवसा उरला नाही. तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी नेमका दोन दिवसांच्या गैरहजेरीचा प्रश्न विचारला. पडद्यावर एक उत्तर होते, रिपोर्टात दुसरे, आणि आम्ही चौघांनी मिळून तीन उत्तरे दिली. गुण फारसे गेले नाहीत. डायरी मात्र अगदी व्यवस्थित होती, कारण ती आदल्या आठवड्यात मीच भरली होती.

न लिहिलेल्या गृहीतकाची किंमत मोठ्या कामांत किती होते हे अभ्यासक्रमात शिकवलेही जाते. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत नष्ट झाले. एरियान-४ साठी लिहिलेला कोड नव्या रॉकेटात तसाच वापरला होता आणि त्यात ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, एवढी गोष्ट बहुतेक विद्यार्थी सांगतात. चौकशी समितीच्या अहवालातला पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. आकडा मावला नाही तरी प्रोग्राम बंद पडू नये असे संरक्षण काही आकड्यांना द्यायचे आणि काहींना द्यायचे नाही हा निर्णय सहभागी संस्थांनी विचारपूर्वक घेतला होता. पण त्याचे समर्थन खुद्द कोडमध्ये कुठेही आढळले नाही आणि कागदपत्रांच्या प्रचंड ढिगाऱ्यात ते गृहीतक, कोणाचा तसा हेतू नसतानाही, बाहेरून तपासणाऱ्यांच्या दृष्टीआड राहिले. कागद कमी होते म्हणून हे घडले नाही. नोंद जिथे उपयोगी पडली असती तिथे ती नव्हती. म्हणूनच डायरीची पाने वाढवा किंवा रकाने वाढवा असे मी सुचवत नाही. रकाने आधीच पुरेसे आहेत. (रिपोर्टात अजून सॉफ्टवेअरच्या गरजा कशा मांडाव्यात हे सांगणाऱ्या १९९८ सालच्या ‘आयईईई ८३०’ मानकाची शीर्षके मागितली जातात, ज्याची जागा २०११ मध्ये नव्या मानकाने घेतली आहे, त्या शीर्षकांखाली काय असते ते आपण सर्व जाणतोच.)

विद्यार्थ्यांच्या कामाची खरी नोंद आज कुठे असते, याचा विचार करावा. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर असते. ‘कालपासून रन होत नाहीये, कोणी हात लावला?’ इथपासून ‘सर म्हणाले मॅप काढून टाका’ इथपर्यंत सारे काही तिथे वेळेसह लिहिलेले असते, पण ते वाढदिवसाच्या शुभेच्छा, नोट्सचे फोटो आणि दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज यांच्या गर्दीत असते आणि फोन बदलला की अनेकदा जाते. ग्रुपवर ठरलेली कामाची गोष्ट त्याच दिवशी चार ओळींत दुसरीकडे उतरवून ठेवणे, एवढीच सवय लावायची आहे.

दुसरी खरी नोंद गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, असते, किंवा असू शकते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, कामासाठी गिट लिहायला घेतले. आज नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते लागते. त्यातल्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलात, तो कोणाचा व कधीचा हे राहते, कशासाठी हे लिहायला छोट्या संदेशाची जागा असते, आणि आधीच्या कमिटची खूणही त्यातच गुंफलेली असल्याने मधला दुवा बदलला की पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. कीर्दीचे पान मधूनच फाडता येऊ नये अशी ही बांधणी आहे. तरीही गिट सक्तीचे केले की प्रश्न मिटला असे मानू नये, ही माझी विनंती आहे, कारण त्याचाही डायरीसारखाच देखावा करता येतो आणि मी तो पाहिलेला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री अडीच वाजता एकाच कमिटमध्ये सगळा प्रकल्प चढवलेला असतो आणि संदेशाच्या जागी ‘फायनल’ लिहिलेले असते. कमिटवरची तारीख हवी ती घालता येते. दोघींनी एका लॅपटॉपवर बसून काम केले तर नाव एकीचेच लागते. संदेशाच्या शेवटी सहलेखक म्हणून दुसरीचे नाव घालण्याची सोय आहे, पण ती विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

यातून एक धोका संभवतो, त्याबद्दल आताच सावध करते. गिट सक्तीचे झाले की कोणीतरी कमिट मोजून किंवा कोडच्या ओळी मोजून गुण देण्याची टूम काढील. तसे झाले तर ज्याने ‘नोड मॉड्यूल्स’चा, म्हणजे इतरांच्या तयार कोडचा, फोल्डर चुकून चढवला त्याच्या नावावर लाखो ओळी दिसतील, आणि जिने दोन दिवस डोके खाजवून एक ओळ पुसली व हँग होणारे ॲप चालते केले तिच्या नावावर एक. नोंद मोजण्यासाठी नसते, वाचून तिच्यावर प्रश्न विचारण्यासाठी असते. परीक्षक म्हणून मला कमिटचा इतिहास आदल्या दिवशी मिळाला तर प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्याच एखाद्या बदलाबद्दल मी विचारू शकते, आणि कोणी काय केले हे तीन मिनिटांत कळते.

पण काय बदलले एवढेच गिट सांगते; कोणते पर्याय विचारात घेतले आणि का सोडले, हे माणसानेच लिहावे लागते. उद्योगात यासाठी छोट्या निर्णय-टिपणांची पद्धत रुळली आहे. सॉफ्टवेअर अभियंते मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये तिचा एक सुटसुटीत आराखडा मांडला : शीर्षक, परिस्थिती, निर्णय, निर्णयाची स्थिती आणि परिणाम. टिपण पान-दोन पानांहून मोठे नसावे आणि ते कोडच्या शेजारी, त्याच रिपॉझिटरीत, म्हणजे गिटमधल्या प्रकल्पाच्या साठ्यात, राहावे. विद्यार्थ्यांसाठी मी ते आणखी लहान करीन. हजेरीच्या एखाद्या ॲपचे टिपण असे असू शकते : ‘टिपण ४. हजेरी आधी फोनमध्येच साठवायची आणि नेट आल्यावर सर्व्हरवर पाठवायची. कारण, तळघरातल्या लॅबमध्ये रेंज नसते. मंगळवारी तिथे तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा हजेरी गेली. थेट सर्व्हरवर पाठवणे सोपे होते, पण सोडले. तोटा : एकाच मुलाची हजेरी दोन फोनवरून आली तर कोणती धरायची हे अजून ठरलेले नाही.’ हे लिहायला दहा मिनिटे लागतात. वर्षभरात अशी आठ-दहा टिपणे झाली तरी त्यांतून प्रकल्प जितका कळेल तितका शंभर पानी रिपोर्टातून कळत नाही. शेवटचे ‘अजून ठरलेले नाही’ हे वाक्य तर माझ्या मते पूर्ण गुणांचे आहे. आजच्या डायरीत त्याला जागाच नाही, तिथे सगळे ‘पूर्ण’च असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स या सॉफ्टवेअर संशोधकांनी १९८६ मध्येच लिहून ठेवले आहे की सॉफ्टवेअरची रचना पूर्णपणे तर्कशुद्ध क्रमाने कधीच होत नाही, तरीही शेवटचे दस्तऐवज ती तशी झाल्यासारखे मांडावे, कारण वाचणाऱ्याला तेच सोयीचे असते. मग विद्यार्थी तरी वेगळे काय करतात? फरक असा की त्या दोघांनी हे दस्तऐवजाबद्दल सांगितले, दैनंदिनीबद्दल नाही. आणि विचारात घेऊन सोडलेले पर्याय व ते सोडण्याची कारणेही त्यात नोंदवावीत, असा त्यांचा आग्रह होता. रिपोर्ट घासूनपुसून लिहिलेला असण्याला माझी हरकत नाही. ती खतावणी आहे, तिने नीटनेटके असावेच.

आता भाषेबद्दल, कारण डायऱ्या कोरड्या का होतात याचे एक कारण मला तिथे दिसते. आपले विद्यार्थी प्रोजेक्टबद्दल मराठीत भांडतात, मराठीत समजावून सांगतात, अडले की मराठीतच एकमेकांना शिव्या घालतात, आणि डायरी उघडली की इंग्रजीतल्या पाच-सहा पाठ वाक्यांवर येतात. जे मनात असते ते इंग्रजीत उतरवण्याइतका हात बसलेला नसतो, म्हणून मग ते उतरवलेच जात नाही. निर्णय-टिपणे आणि बैठकीची इतिवृत्ते मराठीत, हिंदीत किंवा मुले बोलतात त्या सरमिसळ भाषेत लिहिण्याची स्पष्ट मुभा अभ्यासमंडळाने द्यावी. कमिटचे संदेश आणि रिपोर्ट इंग्रजीत राहिले तरी चालतील, पुढे नोकरीत ते लागतेच. ज्या टिपणातून विचार व्हायचा आहे ते मात्र विचाराच्या भाषेत असू द्यावे. बाहेरच्या परीक्षकाला मराठी येत नसेल तर विद्यार्थी तोंडी सांगतील, आणि ज्याने लिहिले त्याला ते सांगता येईलच.

गाइडची बाजू मला दिसत नाही असे समजू नये. एकेका प्राध्यापकाकडे पाच-सहा ग्रुप असतात, त्यांवर तासिका, पेपर तपासणी, प्रवेशाची कामे आणि एनबीए-नॅक या मूल्यांकन संस्थांसाठीच्या फायली. डायरी समितीसमोर ठेवण्यासाठी असते, वाचण्यासाठी नाही, ही समजूत त्या फायलींनीच पक्की केली आहे. मूल्यांकन समितीला सही दिसली की पुरते, मग सही तेवढी होते. म्हणून माझी मागणी कामाची भर घालणारी नाही. साप्ताहिक छापील पान बंद करावे. त्याऐवजी गाइडने पंधरवड्यातून एकदा ग्रुपला रिपॉझिटरीसह समोर बसवून, पडद्यावर मागच्या पंधरा दिवसांचा इतिहास उघडून, दहा-पंधरा मिनिटे प्रश्न विचारावेत आणि आपला दोन ओळींचा शेरा तिथेच नोंदवावा. बैठकीचे इतिवृत्त आळीपाळीने एकेका सदस्याने लिहावे, म्हणजे ‘डायरी तेवढी तू भर, तुझे अक्षर चांगले आहे’ हे काम वर्षभर एकाच मुलीच्या गळ्यात पडणार नाही. माझ्या पाहण्यात ते बहुतेक वेळा मुलीच्याच गळ्यात पडते.

गुणांची विभागणी कशी करावी हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, पण नोंदींचे गुण वर्षाअखेरीस एकगठ्ठा न देता सत्रात तीन-चार वेळा, त्या तारखेला जे रिपॉझिटरीत असेल त्यावर द्यावेत, इतके तरी व्हावेच. एकदा तारीख उलटली की मागचे पान भरण्यात काही फायदा राहणार नाही. फसलेला प्रयत्न नीट नोंदवला असेल तर त्याचे गुण यशस्वी मॉड्यूलपेक्षा कमी नसावेत. डीएलटीच्या मागे तीन आठवडे घालवणाऱ्या त्या मुलीला मी त्या दिवशी माझ्या अधिकारात होते तेवढे दिले, पण ते माझ्या मर्जीवर अवलंबून राहायला नको होते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दलही एक ओळ नियमात यावी. विद्यार्थी ती वापरतात आणि बंदी घातली तरी वापरतील. कोणता भाग तिथून घेतला, तो चालला का आणि त्यात स्वतः काय बदलले, हे टिपणात लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. लपवणाऱ्याला मात्र त्याच भागावर प्रश्न विचारावेत.

शेवटची मागणी विभागांकडे आहे. दर वर्षी जूनमध्ये प्रोजेक्ट संपतो, रिपॉझिटरी कोणा एकाच्या खासगी खात्यावर राहते, रिपोर्ट कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी दुसरा ग्रुप तीच हजेरी, तेच पार्किंग, तीच रक्तपेढी शून्यापासून सुरू करतो. रिपॉझिटरी विभागाच्या खात्यावर ठेवली, ग्रुपला तिच्यात सदस्य म्हणून घेतले आणि जाताना ‘पुढच्या बॅचसाठी’ नावाचे एक टिपण सक्तीचे केले, तर पुढचा ग्रुप अर्धवट राहिलेल्या प्रश्नापासून सुरुवात करू शकेल. पासवर्ड आणि इतर सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या (‘की’) कोडमध्ये राहू नयेत, हेही त्याच वेळी शिकवता येईल, कारण एकदा कमिट झालेला पासवर्ड नंतर फाइलमधून पुसला तरी इतिहासात राहतोच.

नव्या वर्षाचे ग्रुप जुलैत ठरतात आणि छापील डायऱ्यांची मागणी त्याआधीच छापखान्याकडे जाते. तेव्हा आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि सर्वत्र बदल करणे लगेच शक्य नसेल तर यंदा निदान इच्छुक गाइडांना छापील डायरीऐवजी वरील पद्धतीने नोंदी ठेवण्याची परवानगी देणारे परिपत्रक काढावे, अशी विनंती आहे. टिपणाचा कोरा नमुना आणि दोन भरलेले नमुने मी तयार ठेवले आहेत. बोलावल्यास ते घेऊन बैठकीला येईन.

कळावे,

आपली विश्वासू,
अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची एक बाह्य परीक्षक
पुणे